दुसऱ्या घरातलं पाणी

सविताबाईंचं डोकं त्या छायाने महिनाभर खाल्लं होतं. नाटक केवढं, तर दहा मिनिटांचं! तहानलेला वाटसरू तीन दारांत पाणी मागतो. दोन घरं हाकलतात, तिसरं देतं. यात अवघड ते काय? पण दुसऱ्या घरातली छाया रोज न चुकता वाटसरू झालेल्या सुनीलला पाणी द्यायची.

"अगं, तुझं वाक्य काय?"

"पाणी नाय, चालता हो."

"मग म्हण की!"

"पन तो लय तहानलेला दिसतो, बाई. आजी म्हनती, दारातल्याला पाण्याला नाय म्हनू नये."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नाटकातल्या दारादारात खरं पाणी भरलेले माठ ठेवायची हौस त्यांचीच, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. त्यात हेडसरांनी बजावलेलं, "अठ्ठ्याण्णव साल उजाडलं, अजून एक बक्षीस नाही. यंदा रिकाम्या हाताने आलात तर नाटक बंद. त्या तासाला पाढे घ्या." मळ्यातली ही पोरं वर्गात तोंड उघडत नसत, बोलत ती नाटकातच. तेही बंद होणार म्हटल्यावर बाईंना अन्न गोड लागेना.

शेवटी आदल्या दिवशी त्या छायावर कडाडल्याच. "उद्या पाणी दिलंस तर माझ्याशी बोलू नकोस!" पोरीचे डोळे भरून आले.

स्पर्धा नाशिकला होती. पहिल्या घराने हाकलल्यावर सुनील दुसऱ्या दारात आला, ओंजळ पुढे करून उभा राहिला. छाया गरजली, "पाणी नाय, चालता हो!" विंगेत बाईंचा जीव भांड्यात पडला.

पण सुनील हलेचना. महिनाभर या दारात त्याला पाणी मिळालं होतं. त्याने भोकाडच पसरलं. "छाये, रोज तर देती!"

"बाईंनी नको सांगितलंय!" छायाही रडत ओरडली.

अख्खं सभागृह विंगेकडे बघायला लागलं. सुनील काही थांबेना. बाईंनाच राहवेना.

"दे गं बाई, दे त्याला पाणी!"

सुनील घटाघटा प्यायला. तिसऱ्या घरातला राज भरला तांब्या धरून तसाच उभा राहिला आणि पडदा पडला.

बक्षीस अर्थातच दुसऱ्या शाळेला. परतीच्या बसमध्ये हेडसर मागे वळून एवढंच म्हणाले, "सोमवारपासून पाढे." बाईंना त्यांचा राग आला, पोरांचा आला, स्वतःचा तर फारच आला.

तेवढ्यात छाया शेजारी येऊन बसली. "बाई, मी आज बरोबर म्हटलं ना?"

"अगदी सांगितलं तसं म्हटलंस," बाई म्हणाल्या, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.