नळीत राहिलेलं तिसरं नाव

मला पाहून कोणी चुलीची फुंकणी म्हणतं, कोणी छत्रीचं मोडकं दांडकं. एका शहाण्याने तर मला उदबत्त्यांचा डबा ठरवून टाकलं होतं. मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची नळी आहे. दीड वीत लांब, मनगटाएवढी जाड, एक टोक बंद आणि दुसऱ्या टोकाला झाकण. त्या झाकणाचीच गोष्ट मला सांगायची आहे. ती माझ्या तोंडून ऐकलेली बरी, कारण तिच्यात चूक माझीही आहे.

१९५३ साली मुंबईत मस्जिद बंदरच्या एका पत्रेवाल्याने बिस्किटांचा डबा कापून मला घडवलं. त्या काळी बोटीवर जाणाऱ्या खलाशांजवळ माझ्यासारखी नळी असायची. कोणत्या बोटीवर किती महिने काम केलं, कप्तानाने काय शेरा दिला, याचे कागद गुंडाळून ते आमच्या पोटात ठेवत. खाऱ्या हवेत ते कागद टिकायचे ते आमच्यामुळे. आमची पत एवढी, की त्या कागदालाच सगळे ‘नळी’ म्हणू लागले. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. आता नळीला मान कुठली, असं विचारू नका.

माझा धनी कासिम. दिघीच्या खाडीकाठच्या गावचा, वीस वर्षांचा, इंजिनखोलीत राबणारा. माझ्या अंगाला तो तेलाचं बोट लावी, झाकण दोनदा फिरवून बघी आणि मगच मला उशाशी ठेवी. बोट किनाऱ्याला लागली की मला काखेत मारून रुबाबात उतरे. तीन वर्षांनी त्याचं साबिराशी लग्न झालं, तेव्हा निकाहनामाही माझ्याच पोटात आला. नवी नवरी मला पदराने पुसायची. ते दिवस माझे सोन्याचे होते.

१९६१ साली कासिम दीड वर्षाच्या फेरीवर गेला. थोरला अरमान तेव्हा चार वर्षांचा होता आणि साबिराला दिवस गेले होते. पुढे कुठल्याशा थंड देशाच्या बंदरात तार आली, ‘मुलगा झाला, नाव नौमान.’ कासिमने सगळ्या बोटीला चहा पाजला. बाजारात जाऊन त्याने मुठीएवढी निळी लोकरीची टोपी घेतली आणि कागदांशेजारी माझ्यात ठेवली. दर आठवड्याला तो झाकण उघडून ती टोपी बघायचा.

नौमान नऊ महिन्यांचा होऊन घटसर्पाने गेला. पण त्या गावचा एक रिवाज होता. दर्यावरच्या माणसाला मौतीची खबर धाडायची नाही. तो तिथे एकटा, त्याला धरायला कोण आहे? वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि साबिरा गप्प राहिली. पाच महिन्यांनी कासिम दिघीच्या धक्क्यावर उतरला तो हातात टोपी घेऊन. घ्यायला आलेले सगळे खाली बघत होते. मी त्याच्या काखेत होते, मित्रांनो. त्याचा हात एकदम सैल पडला आणि मी धक्क्यावर आपटले. माझ्या कडेला जो पोचा आहे तो तेव्हाचा.

एकदाच तो कबरस्तानात जाऊन आला. घरी येऊन त्याने माझ्यातले कामाचे कागद आणि निकाहनामा काढून घेतला, टोपी आत सारली आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी साबिराने ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला हळूच आत सरकवला. त्यावर मुलाचं नाव, बापाचं नाव, वय, तारीख, सगळं होतं. त्यानंतर मला कोणी उघडलं नाही. नौमानचं नाव त्या दोघांनी पुन्हा एकमेकांसमोर घेतलं नाही. खलाशांना आता सुट्या कागदांऐवजी नोंदीची पुस्तकं मिळू लागली होती, नळीची गरज उरली नव्हती. मी पेटीच्या तळाशी गेले. मग तस्नीम जन्मली. कासिमने बोट सोडून विलायतेत किनाऱ्यावरची नोकरी धरली आणि तिथलाच नागरिक झाला. साबिरा गावी सासूसासऱ्यांचं करत राहिली. दोन-तीन वर्षांनी तो महिनाभर यायचा. इकडे पेटीत माझं झाकण खाऱ्या, दमट हवेने गंजून आतल्या आत धरत गेलं.

आता १९९४ सालात या. कासिम एकसष्ट वर्षांचा झाला होता आणि इंजिनखोलीच्या धुराने त्याची छाती खाल्ली होती. नोकरी सोडून तो साबिराजवळ आला. गावात डॉक्टर नाही, म्हणून दोघांनी घणसोली गावात जानू पाटलाच्या घरात माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जानू न्हावा शेवा बंदरात फिटर होता. पण छातीचा खरा इलाज विलायतेतच आहे, उरलेलं आयुष्य तिथेच काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कासिमला जायला कोणाची आडकाठी नव्हती. साबिराला मात्र होती. अडतीस वर्षांची बायको, पण त्या देशाच्या लेखी परकी. तिला न्यायचं तर नवऱ्याने तिचा जामीन राहायचं. त्याला म्हणतात स्पॉन्सर.

कासिम म्हणाला, "तुला नसेल जमत तर मी पन नाय जात."

साबिरा म्हणाली, "सगले दिस जोडले ना, तरी सात वर्षं पन आपन एका घरात नाय काढली. मला विलायत नको हाय. मला तुमच्यासंगती राहायचंय. ते जिथं होईल तिथं."

तिला एवढंच हवं होतं. त्यासाठी फॉर्म भरले गेले, फोटो काढले गेले, निकाहनामा प्लॅस्टिकच्या फायलीत गेला. फॉर्मवर मुलांचा रकाना आला तेव्हा कासिमने ‘दोन’ लिहिलं. जिवंत किती ते विचारत असतील, असं त्याने मनाशी धरलं. बायकोला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे ते नाव काढावं लागलं असतं.

वकिलातीत बोलावलं त्या सकाळी साबिराने पेटी उघडून मला काढलं आणि पिशवीत ठेवलं. का, ते ती बोलली नाही. बहुधा घरातलं कोणीच मागे राहू नये, असं तिला वाटलं असेल.

नवराबायकोला वेगवेगळं बसवलं. मी साबिराच्या मांडीवर होते. साहेब विचारत होता आणि एक दुभाषी बाई त्याचं हिंदीत करून सांगत होती. लग्न कधी झालं, सासऱ्याचं नाव काय, नवरा चहात साखर किती घेतो. साबिरा धडाधड सांगत गेली. मग प्रश्न आला, मुलं किती?

"तीन," साबिरा म्हणाली. "अरमान, नौमान, तस्नीम."

"कुठे असतात?"

"अरमान बहारीनला हाय. तस्नीम महाडला दिलीय. नौमान गावाला."

"गावाला काय करतो?"

साबिरा थांबली. आईला विचारायचा हा प्रश्न आहे का? पण साहेबाला काय माहीत! "तो... गावालाच असतो," ती म्हणाली. मग तिने पदर तोंडाला लावला. "मयत झाला तो. ल्हान होता."

साहेबाने कागद उलटला. दुभाषी बाई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्या मिस्टरांनी दोनच मुलं लिहिलीत. आतासुद्धा दोनच सांगितलीत."

"दाखला हाय ना! माझ्याजवल हाय!" साबिराने मला पिशवीतून ओढलं आणि झाकण पिळलं.

मित्रांनो, मी उघडले नाही. तिने पदर गुंडाळून पिळलं. टेबलाच्या कडेवर आपटलं. शेवटी दातात धरलं. तिच्या हिरडीचं रक्त मला लागलं. साहेबाने घड्याळाकडे बघितलं. ज्या कागदांसाठी माझा जन्म, ते जपायला मी बत्तीस वर्षं तोंड मिटून बसले, आणि दाखवायची वेळ आली तेव्हाही मिटूनच बसले. असली राखण काय कामाची?

"राहू द्या, मावशी," बाई म्हणाली.

तीन आठवड्यांनी नकार आला. पतिपत्नींच्या जबाबात स्वतःच्या मुलांची संख्याही जुळत नाही, सबब हे लग्न खरं असल्याबद्दल खात्री पटत नाही. जानूने ते पत्र वाचून दाखवलं आणि दारातच उभा राहिला.

"तीन कशाला सांगितलं तू?" कासिमने विचारलं.

"तुमी दोन कशाला सांगितलं?"

"मेलेला पोर कोन मोजतो?"

"आई मोजते," साबिरा म्हणाली. "पोटात वाढवला तो मी मोजायचा नाय? तुमी त्याला कंदी पायलाच नाय, तुमाला सोपं हाय."

कासिमला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेपर्यंत साबिरा त्याची पाठ चोळत राहिली. जानूने मला उचललं. "भाबी, येला जोर लावून उपयोग नाय. तेल पाजाला पायजे," म्हणत तो मला खाली घेऊन गेला. त्याने मला डिझेलात ठेवलं, दुसऱ्या दिवशी दोन टिचक्या मारल्या आणि झाकण निघालं. कामावरून आलेल्या फिटरला जे दोन टिचक्यांत जमलं, त्यासाठी मला महिनाभर आधीच त्याच्याकडे कोणी का नेलं नाही, हे मला अजून सलतं.

दाखला पिवळा पडला होता, पण अक्षर शाबूत होतं. टोपीवर गंजाचा डाग होता. कासिमने ती दोन बोटांवर घातली आणि तो रडला. मी त्याला वादळात बघितलं आहे, पण रडताना कधी बघितलं नव्हतं.

अपिलासाठी जामीनदार तिथे राहणारा, घर असलेला हवा. म्हणून कासिमला पुढे जावं लागलं. दाखला त्याने बरोबर नेला. टोपी कोटाच्या खिशात घातली. मी साबिराजवळ राहिले.

त्यानंतरचं सव्वा वर्ष दर शुक्रवारी दुपारी साबिरा नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन बसायची आणि कासिमचा फोन यायचा. मला ती पिशवीत घेऊन जायची, म्हणून मी ऐकलं आहे. तो दरवेळी नौमानबद्दल विचारायचा. दिसायला कसा होता? दात आले होते का? ती सांगायची, खालचे दोन आले होते. कावळ्याला भ्यायचा. तुमच्या चपलेत पाय घालून बसायचा. नऊ महिन्यांच्या पोराबद्दल असं किती सांगणार? पण त्यांना सव्वा वर्ष पुरलं. संसार केला तो त्या दोघांनी त्या बूथवरच, असं मला वाटतं.

१९९६च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी फोन आला नाही. साबिरा तिसऱ्या प्रहरची, अस्रची अजान होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जानूच्या घरी फोन आला. थंडीत छाती भरली आणि कासिम इस्पितळातच वारला. तिथल्या जमातीने त्याला तिथेच दफन केलं. साबिराने नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही. ती इद्दतीत बसली, विधवेने घरातच काढायचे चार महिने दहा दिवस, त्याच दोन खोल्यांत. त्या काळातच अपिलाचा निकाल आला. जामीनदार हयात नाही, सबब प्रकरण बंद. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर घोडंही आलं नाही.

पुढे तिथल्या मशिदीतल्या एका दापोलीकडच्या माणसाने पार्सल पाठवलं. चष्मा, स्वेटर, जपाची तसबी, तो जुना दाखला आणि अपिलासाठी कासिमने मराठीत लिहून काढलेला जबाब. टोपी त्यात नव्हती. जानूने जबाब वाचला.

‘माझी मुलं तीन. थोरला अरमान, मधला नौमान, धाकटी तस्नीम. नौमानचं तोंड मी बघितलं नाही, म्हणून मी दोन लिहिली. माझी बायको खरं बोलली. चुकीचं मी बोललो. तिला माझ्याकडे पाठवा.’

"परत वाच," साबिरा म्हणाली. जानूने परत वाचलं. तिने तो कागद दाखल्याभोवती गुंडाळला आणि माझ्यात ठेवला. झाकण लावलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं. आता दर शुक्रवारी ती माझ्या झाकणाला खोबरेल लावते. मी चटकन उघडते. पण आता मला कोणालाही काही दाखवायचं नाही.

मित्रांनो, पत्र्याला गंज लागतो तो पत्र्याचा धर्म आहे, त्याला तेल पुरतं. तुम्ही माझ्यासाठी एवढंच करा. तुमच्या घरात एखादं गेलेलं मूल असेल, आजीचा भाऊ असेल, कोणीही असेल, तर त्याचं नाव अधूनमधून जेवताना काढत जा. उद्या कोणी परक्याने विचारलं, तुम्ही घरात किती, तर सगळ्यांनी एकच आकडा सांगा.