कोकरू आहे तोवर

सकाळी सकाळीच माझं आणि आत्याबाईंचं हौदावरून वाजलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, एनिड. आमच्या दारापुढं झऱ्याच्या पाण्याचा दगडी हौद आहे. काठ जमिनीलगत, पाणी माझ्या कमरेइतकं. आणि त्याच आठवड्यात माझी नेल चालायला लागली होती.

"तुझा नवराबी ह्याच हौदाच्या कडंनं रांगला," आत्याबाई म्हणाल्या. "बुडला का?"

"दोनदा पडले होते, तुम्हीच सांगता."

"पडला. बुडला न्हाई. पडणं येगळं, बुडणं येगळं."

आमच्या गावात माणसं थोडी आणि सरकारनं जपायच्या यादीत घातलेल्या वस्तू फार. चर्च, चर्चचं फाटक, पूल, मैलाचा दगड, टेलिफोनची लाल पेटी (आत टेलिफोन नाही), दोन थडगी, आमचं घर आणि आमचा हौद. यादीतल्या वस्तूला विचारल्याशिवाय खिळा मारता येत नाही. मी हौदावर फळ्या टाकल्या, तर कचेरीतून प्रेंटिस साहेब आले आणि त्यांनी फळ्या काढायला लावल्या. कुंपण घालू का विचारलं, तर म्हणाले, उघडेपणा हीच त्या हौदाची शोभा. मग दाराला वरच्या बाजूला नवी कडी लावू का विचारलं. दारही यादीत होतं. जुनी कडी नेलच्या हाताला बरोबर येत होती.

"साहेब, पोरगी पडली तर?"

त्यांनी टोपी काढून हातात धरली. "मला नात आहे, बाई. पण कायद्यात नातीचं कलम नाही."

तेव्हापासून मी नेलच्या कमरेला पट्टा बांधून तो टेबलाच्या पायाला अडकवायची. गावातल्या दारूच्या गुत्त्यात यावर चर्चा झाली. "कालेजात शिकली," लोक म्हणाले, "आन् पोर शेळीगत बांधली." आंघोळ करताना माझा एक कान हौदाकडं असायचा. पाण्यात काही पडल्याचा आवाज मी दिवसातून कितीदा तरी ऐकायची. बहुतेक वेळा बेडूक असे.

मार्चात मेंढ्या व्याल्या. आमच्याकडं रीत आहे, आई मेलेली कोकरं विल्फ ऑक्सटोबी म्हातारा कोटात घालून घरोघर वाटतो. बायका बाटलीनं दूध पाजतात, हिवाळ्याच्या तोंडावर कोकरू बाजारात जातं, पैसे अर्धे अर्धे. मी शहरातली. दरवर्षी दारातूनच नको म्हणायची.

अशाच एका सकाळी नेलला पट्ट्यानं धरून चर्चवरून येताना मी थबकले. यादीतल्या त्या दोन थडग्यांना वेढा घालून मेंढरं कोंडायच्या विल्फच्या फोकांच्या ताट्या उभ्या होत्या आणि आत पाद्रीबाईंची कोकरं नाचत होती. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. कोकरू म्हटलं की ताट्या आल्याच.

मी तशीच विल्फच्या खळ्यावर गेले. "काका, मला एक कोकरू द्या."

"तुला? आगं पोरी, तू कोंबडीला बिचकतीस."

"ताट्यांसकट द्या. हौदाभोवती उभ्या करायच्या आहेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पट्ट्याला ओढ देणाऱ्या नेलकडं. "जरा ठोकूनच बसवतो," म्हणाला.

"कोकरू हौदात पडलं तर?"

"मेंढराला अक्कल नसती, पर पान्याचं भ्या असतं. पोरांचं उलटं."

प्रेंटिस साहेब आले, ताट्यांभोवती फिरले. जनावरासाठी असेल तर चालेल, म्हणाले, पण कोकरू आहे तोवरच. कोकरू गेलं की ताट्या गेल्या पाहिजेत.

नेलचा पट्टा सुटला. उन्हाळाभर ती ताटीला धरून उभी राहायची, आणि कोकरू वाढत होतं. वाढत म्हणजे किती! सगळ्या घरानं त्याला पाजलं. ऑक्टोबरात त्याला शिंगं होती आणि टपालवाला टपाल फाटकावरूनच फेकत होता.

बाजाराच्या दिवशी विल्फ गाडी घेऊन आला. "चल, काढ त्याला."

"नाही द्यायचं."

"आगं, मेंढा झालाय त्यो! खाऊन खाऊन घर बसवंल."

"तुमचा वाटा मी देते. पण कोकरू जाणार नाही."

"पोरीचं डोकं फिरलंय, विल्फ," आत्याबाई दारातून म्हणाल्या. मग पुढं झाल्या आणि गाडीच्या वाटेत खुर्ची टाकून मटार सोलायला बसल्या.

नेमकी तेव्हाच साहेबांची मोटार थांबली. साहेब ताटीपाशी आले. आतून मेंढ्यानं त्यांच्याकडं बघितलं. नेल ताटीला लटकून त्याला गवत भरवत होती, आणि तिच्या बोटांपलीकडं, ताटीच्या फटीतून, हौदाचं काळं पाणी दिसत होतं.

साहेबांनी टोपी काढून हातात धरली.

"हे कोकरूच ना?" त्यांनी विचारलं.

"कोकरूच," मी म्हणाले.

"वाढीला जरा मंद हाय, सायेब," विल्फ म्हणाला.

"यंदा थंडीबी लौकर पडली," आत्याबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. "लहान आहे अजून," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." आणि मोटारीकडं वळले.

ते वळतात न वळतात तोच कोकरानं मागं सरून ताटीला अशी धडक दिली, की दचकून साहेबांच्या हातातली टोपी पडली. नेल खदखदून हसली. विल्फनं टोपी उचलून दिली.

मी आधी ताटी हलवून बघितली. पक्की होती.