आधी कुणी बोलायचं

पनवेलमध्ये लोक मला दाताची डॉक्टर समजतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पण बसते एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी. नवा माणूस आत आला की मला बघून आधी तोंड उघडतो. मी त्याला सांगते, तोंड उघडायचंच आहे, पण बोलायला. हा विनोद मला फार आवडतो. आजवर त्याला कुणी हसलेलं नाही.

माझं नाव लियोरा रोहेकर. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमची माणसं इथे आता इतकी थोडी उरलीत की प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर येहुदाकाका सकाळपासून फोन करत बसतात. इतक्या थोड्या माणसांत वाढलेल्या मुलीला गुपित म्हणजे काय ते माहीतच नसतं. ते मी एम.फिल.ला शिकले, आणि मग नव्या नवरीने मंगळसूत्र मिरवावं तसं मिरवायला लागले.

त्यातला माझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे, क्लायंट बाहेर कुठे दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने हाक मारली तर बोलायचं, नाहीतर अनोळखी माणसासारखं पुढे जायचं. आपल्या एका नमस्काराने त्याचं गुपित बाजारात जाऊ शकतं, असं आमच्या वसुंधरा मॅडम शिकवायच्या. पनवेलात हा नियम पाळायचा म्हणजे मान खाली घालूनच फिरावं लागतं. मी तशी फिरते. दोनदा विजेच्या खांबावर आपटले आहे.

जनी ही माझी क्लायंट. पन्नाशीची कोळीण, उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावची, पनवेलच्या बाजारात मासे विकणारी. छातीत धडधडतं म्हणून ती हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांना हृदयात काही सापडेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवली. धडधडीचं कारण तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिच्या मुलाने, कल्पेशने, गावकीला न विचारता बाहेरची मुलगी केली आणि गावाने घर वाळीत टाकलं. २०१२ साल उजाडलं होतं, पण गावकीला ते कुणी कळवलं नव्हतं. नळावर, देवळात, होडीवर, कुठेही त्या घराशी बोलायचं नाही. बोलेल त्याला दंड.

“म्हनून मी आदी कोनाशी बोलत नाय,” जनी म्हणाली होती. “माज्यापायी दुसऱ्याला कशाला दंड? कोन बोलला तर बोलायचा, नायतर गप ऱ्हायाचा.”

मी समजूतदारपणे मान डोलावली. मग शिकवल्याप्रमाणे माझाही नियम सांगितला, “सार्वजनिक ठिकाणी मी स्वतःहून परिचय दर्शवणार नाही. तुमच्या गोपनीयतेसाठी.” जनी म्हणाली, “बरां.” दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला माणूस कशालाही बरं म्हणतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ती दर सोमवारी यायची. घरी सांगायची, दात दाखवायला जाते. हळूहळू तिला झोप लागायला लागली. एकदा म्हणाली, “मदी मना वाटायचा, खाडीत उतरावा नि परत येवूच नये. आता नाय वाटत.” पुन्हा वाटलं तर आधी माझ्याकडे यायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी आईने मला जिताडा आणायला पाठवलं. मासळी बाजारात शिरले तर समोर जनी. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. मी थांबले, पण ती हाक मारेना. मग मी नजर काढून घेतली, कडेच्या भाजीवालीच्या शेवग्याच्या शेंगा अत्यंत बारकाईने तपासल्या आणि दुसऱ्या कोळणीकडून मासे घेऊन घरी आले. स्वतःवर इतकी खूश होते, की आईने जिताडा शिळा आहे म्हटलं तेही मनावर घेतलं नाही.

सोमवारी जनी आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी फोन लावला. नंबर कल्पेशचा होता.

“मॅडम, आईचे दात बरे झाले,” तो म्हणाला. “आता नाय जायाचा म्हनते.”

“जेवतात का नीट?”

“जेवत नाय. बोलत पन नाय. सांजची खाडीवर जाऊन बसते.”

खाडीत उतरण्याचं जनीचं बोलणं मला आठवलं. जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी, हे आचारसंहितेत आहे. आपण चुकून दंतवैद्य झालो असू तर काय करावं, यावर मात्र एक ओळ नाही.

“कल्पेश, त्यांना खाडीवर एकटं सोडू नका. आज तर अजिबात नाही. रात्रीही कुणीतरी जवळ झोपा.”

“दातासाठी?”

“हो. वारा लागतो.”

तो बरां म्हणाला. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. जनी आधी बोलत नाही, कारण समोरच्याला दंड पडेल. मी आधी बोलत नाही, कारण तिचं गुपित फुटेल. एकमेकींची काळजी घेत आम्ही दोघी बाजारात गप्प उभ्या होतो. गावाने तिला जे केलं तेच मी केलं होतं, फक्त एम.फिल. करून.

सकाळी मी बाजार उघडायच्या आत हजर. जनी आली, पाटी मांडून बसली. शेजारी तिच्याच गावची सोनाबाई. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, वाळीत टाकल्यापासून बोलणं तुटलेल्या, आणि माझ्यासमोर जनी सगळ्यात जास्त रडली होती ती हिच्या नावाने.

“जिताडा आहे का?” मी विचारलं. गिऱ्हाईक म्हणून बोलायला कुठलाच नियम आड येत नाही, एवढं कळायला मला इतके दिवस लागले होते.

जनीने वर पाहिलं. “तुमाला पन दंड परला काय?”

“नाही हो, मी...”

“मंग मना बगून शेंगा कशाला चिवडत होताव?” तिचा आवाज चढला. “मी हितं बसलंय, तुमी मना बगताव, नि वलख दाखवत नाय! गाव बोलत नाय, तां गाव हाय. तुमाला काय झायला? शिकलेल्या ना तुमी?”

सगळी गल्ली वळून बघायला लागली. चारचौघांत माझी इतकी कुणी काढली नव्हती, आणि मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. गप्प बसलेली जनी कुणाशी तरी भांडत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “सोमवारी या. दाताचं काम अर्धं राहिलंय.”

“येन. पन आदी माजा आयका...”

“जने, पुरे गो!” सोनाबाई ओरडली. “रडवलास ना डाक्टरनीला!”

आणि तिने झटकन तोंडावर हात ठेवला. पलीकडे त्यांच्या गावच्या आणखी बाया बसल्या होत्या. त्यांच्या हातातले कोयते थांबले.

“सोने, गप,” जनी हळूच म्हणाली. “दंड परंल तुला.”

सोनाबाईने त्या बायांकडे पाहिलं, मग जनीकडे. तोंडावरचा हात खाली घेतला.

“परूं दे,” ती म्हणाली. “तुज्याशी न बोलता मी तरी काय जगतंय?”