मिस हर्मिनाची पावलं

ड्रमच्या ताणलेल्या पानावर मक्याची कणी पडली होती, जेमतेम चिमूटभर. मी बास गिटारची जाड तार छेडली की कण थरथरायचे, सरकायचे आणि कडेपासून थोडं आत, जिथे पान हलत नाही तिथे, एका गोल रेषेवर गोळा व्हायचे. दुसरी तार छेडली की ती रेषा मोडायची आणि कण नवी जागा शोधायचे.

“झाला का तुझा प्रयोग?” वेंडेल म्हणाला. “मला वाजवायचंय त्यावर.”

“थांब की जरा. बघ, वर्तुळ होतंय.”

“आर्लीन, हे तू लग्नाआधीपासून बघतेयस. नवरा आला नि गेला, तुझं वर्तुळ काही संपेना.”

आमच्याकडे, टेक्ससच्या या भागात, नाच सुरू होण्याआधी हॉलच्या लाकडी जमिनीवर मक्याची कणी भुरभुरतात. बुटांचे तळ त्यावरून छान घसरतात. दुपार सरेपर्यंत कणी सगळीकडे पोचते. कॉफीत, केसांत, ड्रमच्या पायपट्टीत. वेंडेल कुबाला, माझा थोरला भाऊ, रोज नाच संपला की एका जुन्या दाढीच्या ब्रशने ती झटकतो.

बँड रँडल पोकोर्नीचा. तो गातो, मी बास वाजवते, वेंडेल ड्रम. फिडल वाजवणारे येऊन-जाऊन असतात. दर नववर्षाला रँडल बिअरची बाटली उंचावून म्हणायचा, “हे वर्ष आपलं. नाही झालं, तर गाडी विकून टाकू.” आणि वेंडेल म्हणायचा, “बघू.” तीन गाड्या झिजल्या. ओक्लाहोमा, लुइझियाना, कॅन्ससचे जत्रांचे मांडव, एकदा तर शवपेट्यांच्या दुकानाचं उद्घाटन. रेडिओने मात्र आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

आणि या वसंतात पाहिलं. रँडलचा एक वॉल्ट्झ, जोडीने गोल फिरत नाचायचं गाणं, अचानक सगळीकडे वाजू लागला. नॅशव्हिलच्या एका संगीत कंपनीने बोलावणं धाडलं: मोठ्या गायकाच्या दौऱ्यात, मोठ्या मैदानांत, त्याच्याआधी अर्धा तास आमचा. उत्तर सोमवारी सकाळी हवं होतं. आज रविवार.

अट एकच. ड्रम वाजवणाऱ्याने कानात यंत्राची एकसारखी टिकटिक ऐकत वाजवायचं. दिवे, पडद्यावरची चित्रं, सगळं त्या टिकटिकीला बांधलेलं असतं.

मागच्या आठवड्यात सॅन अँटोनियोत चाचणी झाली. वेंडेल एकदाही चुकला नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, “घड्याळ आहे हा माणूस!” येताना रँडल गाडीत स्टिअरिंगवर थापा मारत गात होता. वेंडेल खिडकीतून गुरं बघत होता. मी विचारलं, “कसं वाटलं?”

“सोपं होतं,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “समोर अंधार होता.”

ते माझ्या डोक्यात राहिलं. हा ताल धरतो कसा, हे मी त्याला पूर्वी विचारलं होतं. तो म्हणाला होता, “मी कुठे धरतो? मी बघतो.” काय बघतो, ते सांगितलं नव्हतं. म्हणून आज मी त्याच्या हातांकडे न बघता डोळ्यांकडे बघायचं ठरवलं होतं.

“हे घे,” रँडलने त्याच्यापुढे टिकटिकीचं यंत्र धरलं. “आजपासून सवय कर.”

“इथे? कोपऱ्यात सॉसेज भाजतायत, रँडल. कसले दिवे नि कसला पडदा?”

“माझ्यासाठी घाल रे. म्हातारपणी एवढं तरी.”

वेंडेलने यंत्राच्या वायरचं बोंड कानात घातलं.

पहिले दोन नाच ठीक गेले. तिसरा रँडलचा वॉल्ट्झ. रेडिओवरचं गाणं म्हटल्यावर खुर्च्या रिकाम्या झाल्या. जोड्या नेहमीसारख्या भिंतीकडेने गोल फिरू लागल्या. मिस हर्मिना उठल्या; आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना, लग्न झालेल्यांनाही, मिसच म्हणतात. नव्वदीला टेकलेल्या, हिवाळ्यात खुबा बदललाय. त्यांच्याबरोबर त्यांची सून.

मी वेंडेलकडे पाहिलं. त्याची नजर त्यांच्या पांढऱ्या बुटांवर होती. मग पुढच्या जोडीवर, मग परत बुटांवर. तो सगळी जमीन चाळत होता आणि दर वेळी सगळ्यांत हळू पावलापाशी येऊन थांबत होता. इतकी वर्षं मी त्याच्या हातांकडे बघत होते.

हात मात्र आज टिकटिकीचे होते. मिस हर्मिनांचं एक पाऊल मागे पडलं, मग दुसरं. सून त्यांना सावरायला थांबली. मागची जोडी त्यांच्यावर आली, त्यामागची बाजूला झाली. फिरतं वर्तुळ एका जागी फाटलं. मिस हर्मिनांनी सुनेच्या दंडावर थोपटलं आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

ताल केसभरही हलला नव्हता. वेंडेलचा जबडा तेवढा आवळला होता. त्याने डाव्या हाताने बोंड कानातून ओढून काढलं आणि वॉल्ट्झ हळूच सैल सोडला. गाण्याची पट्टी तीच, शब्द तेच. फक्त दोन पावलांमध्ये आता एका श्वासाची जागा होती. रँडलने गाता गाता मान वळवून डोळे वटारले. पण मिस हर्मिना उठल्या नाहीत. उशीर झाला होता.

मध्यंतरात रँडल मागच्या दाराशी त्याच्यावर तुटून पडला.

“काय केलंस? गाणं झोपवलंस माझं!”

“त्यांना जमत नव्हतं.”

“म्हातारी तुझी बँडमास्तर आहे का? मैदानात वीस हजार माणसं असतील, वेंडेल!”

“नाचतील?”

“काय?”

“ती वीस हजार. नाचतील का?”

रँडलने टोपी काढली, परत घातली. “उभी राहतील. ऐकतील. अरे, यासाठीच तर केलं ना सगळं? तुला जमतंय, तो कंपनीचा माणूसच तर म्हणाला, घड्याळ आहेस म्हणून!”

“जमतंय रे. म्हणून तर. घड्याळच हवं असेल, तर मी नसलो तरी जमेल.”

रँडल काही बोलणार, तेवढ्यात काठी टेकत मिस हर्मिना आल्या. हातात कागदी बशीत तीन कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव.

“खा रे पोरांनो. रँडल, तुझं गाणं रेडिओवर ऐकते हं मी, भांडी घासताना. आज माझेच पाय नाठाळ. मगाचा वॉल्ट्झ परत वाजवशील का? अर्धाच नाचले.”

“वाजवू ना, मिस हर्मिना,” रँडल म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. याच हॉलमध्ये त्यांनी त्याला नाचायला शिकवलं होतं.

बशी वेंडेलच्या हातात देऊन त्या गेल्या. वेंडेलने सोबत आणून दाराशी ठेवलेलं यंत्र रँडलने उचललं, पँटला पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं. ओरडला नाही.

“उद्या सकाळी फोन येईल,” तो म्हणाला. “मी काय सांगू?”

वेंडेलने यंत्र घेतलं, वायर नीट गुंडाळली आणि ते रँडलच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मग कोलाचेची बशी माझ्या हातात दिली.

“तू जा, रँडल,” तो म्हणाला. “आणि त्यांना सांग, ड्रमर दुसरा बघा. मी येणार नाही.”