मेरियन स्क्वेअरची लोखंडी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये, एका लाल दाराच्या पायरीशी दगडात रोवलेली. बुटांचा चिखल माझ्या धारेवर खरवडायचा आणि मगच घरात पाऊल टाकायचं. या चौकातल्या दारांचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात. दारांचा रुबाब मोठा आहे, कबूल. पण आतले गालिचे कुणी राखले, ते विचारा.

लोहाराने मला घडवलं तेव्हा इथे घोडागाड्या धावत आणि रस्ताभर राड असे. न्यायाधीश, डॉक्टर, रेशमी झग्यातल्या बायका, सगळे माझ्यापुढे एक पाय उचलून उभे राहत. पुढे रस्ते डांबरी झाले, घराचं ऑफिस झालं, माझ्यावर गंज चढला. २०१७ साली ऑफिसातल्या साहेबांनी माझ्यावर खडूने पिवळी फुली मारली. सोमवारी मला कापून तिथे कुंडी ठेवायचं ठरलं. मला फार अपमान वाटला.

त्याआधीच्या शनिवारी दसरा होता. डब्लिनच्याच ल्यूकन उपनगरात राहणारा गौरव नागपूरहून आलेल्या आपल्या आईला, विजयालक्ष्मीबाईंना, चौक दाखवायला आला. सोबत त्याची मुलगी सानिका. चौकाच्या मधल्या बागेतल्या ओल्या हिरवळीत सगळ्यांचे बूट माखले होते.

"आई, दारासमोर उभी राहा, मस्त फोटो येईल."

"थांब ना रे. लोकाच्या पायरीवर असे पाय घेऊन कशी चढू?"

बाईंनी माझ्यावर बूट स्वच्छ घासले. मग पर्समधून कुंकू आणि सकाळच्या पूजेतलं झेंडूचं फूल काढलं.

"आजी, इट्स ओन्ली फॉर शूज," सानिका म्हणाली.

"म्हणूनच बेटा. कामाच्या लोखंडाला आज फूल वाहतात. सकाळी बाबाच्या गाडीला नाही का वाहिलं?"

तोवर मला फक्त पाय लागले होते. त्या दिवशी पहिल्यांदा हात लागला.

सोमवारी कापायचं यंत्र घेऊन कारागीर आला आणि फूल पाहून थबकला. या देशात रस्त्याकडेला असं फूल ठेवतात ते तिथे कुणी दगावल्यावर. त्याने टोपी काढली.

"इथे कुणीतरी गेलंय, साहेब. मी हात लावणार नाही," तो म्हणाला.

साहेबांनीही मान खाली घातली. कुंडी पलीकडे गेली आणि मला काळा रंग मिळाला. गेलं कुणीच नव्हतं, मित्रांनो. उलट मी वाचले होते.

तेव्हा दारांचे फोटो खुशाल काढा. पण पायरी चढण्याआधी एकदा खाली बघा आणि पाय पुसा. मी अजून कामावर आहे.