उताराच्या माथ्यावरची खोपी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खोपी आहे. ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या डोंगरात, जिथून एके काळी स्कीच्या मोठ्या शर्यती सुटत, अगदी त्या टोकावर मी उभी आहे. मला दोन दारे आहेत. मागच्या दाराने माणसे आत येतात आणि पुढच्या दाराने निघून जातात. पुढच्या दाराने गेलेले माणूस त्याच दिवशी परत आलेले मी वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. त्यामुळे माझा स्वभाव जरा चौकस झाला आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हे मला कळते. पण लोकच माझ्या घरात येतात, त्याला मी काय करू?

माझा जन्म खाली गावात झाला. सुताराने लार्चच्या झाडाच्या फळ्या रंधा मारून तयार केल्या आणि गावच्या माणसांनी त्या पाठीवर घेऊन वर आणल्या. त्यांत सगळ्यांत लहान होता लोईस. धापा टाकत तो म्हणाला, "एवढ्या उंचावर घर बांधतोय आणि राहायचं कुणीच नाही!"

सुतार म्हणाला, "राहायला नाही रे, निघायला बांधतोय."

ते वाक्य माझ्या फळ्यांत खिळ्यांसारखेच पक्के बसले. पुढे हाच लोईस माझ्या दारात उभा राहून शर्यती सोडू लागला आणि तिथेच म्हातारा झाला.

शर्यतीच्या दिवशी माझ्यात पाय ठेवायला जागा नसे. ज्यांची चित्रे देशोदेशीच्या भिंतींवर लागतात, त्या जगज्जेत्या मुली माझ्या बाकावर दाटीवाटीने बसत आणि शेगडीपाशी हात शेकत. नॉर्वेची एक जण कागदातून तपकिरी चीज लावलेला पाव काढी, दोन घास खाई आणि उरलेला लोईसच्या हातात देई. एक इटालियन मुलगी आपल्या स्कींशी बोले, त्यांना रागावे, मग त्यांची समजूत घाले. एक स्विस मुलगी निघण्याआधी माझ्या चौकटीवर काठीने तीनदा टकटक करी. तिथे आता खळगा पडला आहे. आणि सगळ्याच जणी डोळे मिटून, मान वळवत, हात नागमोडी हलवत उभ्या राहत. पहिल्या वर्षी मला वाटले, या पोरींना थंडीने वात झाला! मग कळले की सकाळी त्या सबंध उतार आडव्या स्कींवर हळूहळू उतरून पाहतात, एकेक वळण पाठ करतात आणि निघण्यापूर्वी डोळे मिटून त्याची उजळणी करतात.

मग वरचे कोट निघत, वरच्या जाड विजारी निघत. मदतनीस ते सगळे पिशवीत कोंबून खाली घेऊन जात. म्हणजे त्यांचे कपडेसुद्धा माझ्याकडे परत येत नसत. दारात नडगीच्या उंचीवर एक आडवी काठी असते. ती ढकलली की घड्याळ सुरू होते. लोईस आकडे मोजी, काठी उघडे आणि पोरगी नाहीशी होई.

मित्रांनो, विचार करा. निघाल्यावर इतक्या मोठ्या माणसांच्या मी फक्त पाठी पाहिल्या. जिंकलेल्यांच्या गळ्यात म्हणे पदक घालतात. जिंकलेला चेहरा कसा असतो? आणि हरलेला? दोन्ही ओळखू येतात का? हे कोडे मला रात्रंदिवस छळत असे. उन्हाळ्यात माझ्या भिंतीला अंग घासायला गाई येत. त्यांना विचारून काय उपयोग!

खालची खबर मला एकाच वाटेने मिळे, ती म्हणजे वायरलेसवरून. आमच्याकडे रीतच आहे. जी आधी खाली पोचते, ती वायरलेसवरून वर सांगते की बर्फ कसा आहे, कुठे जपायचे. पण सांगायचे ते फक्त आपल्या देशाच्या मुलींना. बाकीच्यांना कळू नये म्हणून आमची माणसे आपल्या खोऱ्याच्या ठसकेबाज बोलीत बोलत. ती बोली व्हिएन्नाच्या माणसालासुद्धा कळत नाही, मग परदेशातल्याला काय कळणार?

आमच्या गावची बुर्गी आणि स्लोव्हेनियाची मेता यांची मला सगळ्यांत जास्त आवड होती. एका हिवाळ्यात मेताचा गुडघा आणि बुर्गीचा खांदा मोडला आणि दोघींना इस्पितळात एकाच खोलीत खाटा मिळाल्या. तिथे मेताने बुर्गीला आपली भाषा शिकवली. म्हणजे वीसेक शब्द, आणि त्यांतले निम्मे शिव्याशाप. माझ्या बाकावर दोघी एकमेकींना चिडवत बसत.

"ए लंगडे, आज शेवटून पहिली येणार ना?" बुर्गी म्हणे.

"तुझ्यामागे राहिले तरच तसं होईल," मेता म्हणे.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगते. पुढच्या हिवाळ्यातली ती शेवटची शर्यत होती. या दोघींपैकी जी पुढे राहील, तिला वर्षाचा मोठा चषक मिळणार होता. मेताचा गुडघा जेमतेम जुळला होता. डॉक्टरांनी तिला सांगितले होते, "पुन्हा मोडला, तर स्की विसरायच्या." हे तिनेच बुर्गीला माझ्यासमोर सांगितले.

बुर्गी आधी निघाली. तिची पाठ दिसली आणि गेली. मागून एक फ्रेंच मुलगी सुटली. थोड्याच वेळात लोईसच्या कानातल्या यंत्रात आरडाओरडा झाला आणि त्याने हात आडवा केला. "थांबा! तिसऱ्या उडीवर पडली." डोंगरावर हेलिकॉप्टर घरघरू लागले. पुढचा क्रमांक मेताचा होता. ती कोट पुन्हा खांद्यावर घेऊन शेगडीपाशी बसली. तिचे बोट नकळत गुडघ्यावर फिरत होते.

तेवढ्यात आमच्या संघाचा शिक्षक गिडी याचा वायरलेस खरखरला. खालून बुर्गी बोलत होती.

"गिडी, मेता निघाली का?"

"नाही, थांबवलंय." गिडी कोपऱ्यात सरकला आणि त्याने वायरलेसचा आवाज बारीक केला. "तू आपलं सांग. आपल्या अजून चौघीजणी निघायच्यात."

"तिसऱ्या उडीनंतर डावीकडच्या खडकाच्या भिंतीलगत जाऊ नका. सकाळी तिथे ऊन होतं, आता सावली पडलीय. वर भुसभुशीत दिसतं, खाली निळा बर्फ झालाय, काच नुसती! मी एका पायावर कशीबशी वाचले. उजवीकडून, वरच्या अंगाने या. आणि हे मेताला सांग."

आमच्याकडे हजार मीटरच्या वर गेले की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मोठा-छोटा कुणी राहत नाही. तरीही गिडी मोठेपणाच्या आवाजात म्हणाला, "तिला तिच्या माणसांनी सांगावं."

"खाली तिचं कोण आहे? स्लोव्हेनियाची ती एकटीच आलीय."

"बुर्गी, जरा डोकं चालव. तू पुढे आहेस. ती पडली, तर..."

तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. आपल्या मुलींच्या गोठलेल्या बोटांवर तो स्वतः फुंकर घालत असे. पण त्या क्षणी मला त्याचा फार राग आला. मला तोंड असते, तर मी ओरडले असते. लोईसच्या चेहऱ्यावर घाम दिसू लागला. पण शर्यत सोडणाऱ्याने खेळाडूशी आकड्यांखेरीज काही बोलायचे नसते. नियम म्हणजे नियम.

तेवढ्यात खालून आरोळी आली. बारीक केलेल्या आवाजातूनही ती माझ्या छपरापर्यंत पोचली. ही आमच्या खोऱ्याची बोली नव्हती. मोडकीतोडकी, लंगडी का होईना, ती स्लोव्हेनियाची भाषा होती!

"मेता! उडी तीन! भिंत नाही! बर्फ निळा! उजवीकडे, वर! तीनशे केसाळ अस्वलं!"

ही शेवटची त्यांच्याकडची शिवी. गिडीने वायरलेसवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आमच्या चारही मुली आ वासून पाहत राहिल्या. खोपीत समजले ते फक्त मेताला. आणि मला. इतकी वर्षे सगळ्या देशांच्या पोरींचे बोलणे ऐकते आहे, एवढे तर येणारच!

मेताने गुडघ्यावरचे बोट उचलले. ती हसली. मग डोळे मिटून उभी राहिली आणि हात नागमोडी हलवू लागली. तिसऱ्या उडीपाशी हात थांबला आणि डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला. पाठ केलेला सबंध धडा तिने उभ्या उभ्या बदलला.

हेलिकॉप्टर निघून गेले. "पाच, चार, तीन," लोईस मोजू लागला. काठी उघडली. तिची पाठ दिसली आणि गेली.

मी कान टवकारले. आमच्या गावच्या लोकांचे ओरडणे आणि घंटा वाजवणे वाऱ्यावरून माझ्यापर्यंत येते. बुर्गीच्या वेळी डोंगर दणाणला होता. आता मी वाट पाहिली. तिसऱ्या उडीपर्यंतचा वेळ गेला. तळापर्यंतचाही गेला. खालून काहीच आले नाही. घंटा नाही, आरोळी नाही. मला वाटले, पडली. पोरगी पडली.

लोईसला यंत्रातून काहीतरी कळले असावे. पण तो पुढची मुलगी सोडण्यात गुंतला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही समजेना.

शर्यत संपली. सगळे उतरून गेले. लोईस एकटा शेगडीतली राख काढत होता. उन्हे उतरू लागली होती. तेवढ्यात माझे मागचे दार उघडले आणि दोघीजणी आत आल्या. बुर्गी आणि मेता, दोन्ही पायांवर धड चालत! पुढच्या दाराने गेलेली माणसे त्याच दिवशी परत आलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

दोघी बाकावर बसल्या. पाव, खारवलेले मांस आणि मुळा काढून खाऊ लागल्या. मी आधाशासारखी त्यांच्या तोंडांकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांचे माझे कोडे आता सुटणार होते. दोघींची नाके लाल. दोघींचे गाल फुगलेले. दोघी हसताहेत. जिंकलेला चेहरा कुठला? हरलेला कुठला? मला काही केल्या ओळखता येईना.

लोईसने विचारले, "मग, रडायचं कुणी, ते ठरलं का?"

"पाळी हिची आहे," मेता म्हणाली, "पण ही खायचीच थांबत नाही."

तेव्हा मला कळले. निळ्या बर्फावर घसरलेली बुर्गी पळभराने मागे पडली होती. मेता उजवीकडून सुखरूप उतरली आणि चषक स्लोव्हेनियाला गेला. म्हणून आमचे गाव मुके झाले होते.

"खाली सगळे तोंडं फुगवून बसलेत," बुर्गी म्हणाली. "बेकरीवालीनं माझ्या नावाचा केक सुरीनं कापून गिऱ्हाइकांना विकून टाकला. म्हणून वर आलो."

"कशाला सांगितलंस मग?" मेताने हळूच विचारले.

"अगं, तू तिथे मोडून पडली असतीस, तर तो चषक मी घरात ठेवला कुठे असता? रोज सकाळी कॉफी पिताना बघावा लागला असता."

मेताने मुळ्याची मोठी चकती कापून बुर्गीला दिली.

एवढ्यात दारातून गिडीने डोके आत घातले. तो आत येईना आणि जाईना. शेवटी खाकरून म्हणाला, "ते अस्वलांचं काय होतं गं? मला पण शिकवा."

"बस इथे," बुर्गी म्हणाली आणि सरकली.

मित्रांनो, त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. आता मोठ्या शर्यती आणखी वरून, लोखंडी मांडवातून सुटतात. लोईस राहिला नाही. माझ्यात उताराच्या कडेला बांधायची जुनी जाळी आणि मोडके खांब रचून ठेवले आहेत. छपराची एक फळी निखळली आहे आणि तिथून बर्फ थेट शेगडीवर पडतो. कधीकधी वाईट वाटते. कुणीतरी ती फळी बसवावी, एवढेच माझे मागणे आहे. जुन्या वस्तूला फार काही लागत नाही.

पण शनिवारी केस पिकलेली बुर्गी गावच्या चिमुरड्यांना घेऊन येते. जाळी बाजूला सारून ती पोरे माझ्या बाकावर बसतात आणि एकेक करून पुढच्या दाराने सुटतात. बुर्गीचा एक कडक नियम आहे. जे आधी जाईल, त्याने पहिल्या वळणावर थांबायचे, मागे वळायचे आणि मागून येणाऱ्याला ओरडून सांगायचे. तुम्हीही तसेच करा, मित्रांनो. तुम्ही पुढे गेलात, की मागच्याला वाट सांगत जा, मग तो कुणाच्याही घरचा असो.

त्या वळणापर्यंत माझ्या पुढच्या दारातून सरळ दिसते. काल सगळ्यांत धाकटी पोर तिथे थांबली. ती वळली, तिने टोपी वर सरकवली आणि तिचा सगळा चेहरा मला दिसला.

"बर्फ कडक आहे!" ती ओरडली. "उजवीकडून या!"