एकवीस पॉइंट आणि पाहुण्यांचे कप

"पप्पा, तुमचे ते एकवीस पॉइंट कुणाच्या लग्नासाठी राखून ठेवलेत?"

प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हता. तो डबल आणि वकील यांचा होता. दोघी माझ्या वर्गातल्या. डबल प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते आणि वकील कुणाचीच गोष्ट ऐकून घेत नाही, म्हणून ही नावं. त्या हेडफोनमधून माझ्या कानात बसल्या होत्या, आणि हिंमत असेल तर विचारून दाखव, असं कधीपासून डिवचत होत्या. पूर्वीची मी असते तर हेडफोन काढून गुपचूप अभ्यासाला बसले असते. पण स्नेहसंमेलनात ऐनवेळी माईक बंद पडला आणि मी अख्खा कार्यक्रम नुसत्या गळ्याच्या जोरावर रेटून नेला, तेव्हापासून मला कुणालाही काहीही विचारता येतं. घरात हे सगळ्यांना मान्य आहे. आवडतं असं नाही.

पप्पांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. प्लास्टरमधला पाय स्टुलावर, मांडीवर उशी, उशीवर कंट्रोलर.

"असू देत," ते म्हणाले. "कधी लागतील सांगता येत नाही."

हेडफोनमध्ये डबल दोनदा हसली.

पप्पांची नोकरी लिफ्ट तपासण्याची. उंच उंच इमारतींच्या लिफ्ट माणसांना सुखरूप वर नेतील की नाही, हे ते ठरवतात. आणि पडले कुठे, तर आमच्याच इमारतीच्या जिन्यावरून. लिफ्ट का नाही घेतली, असं भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. लिफ्ट बंद होती. ती बंद ठेवायला पप्पांनीच लावलं होतं. मग भेटायला आलेला माणूस खालच्या ओठाला चावा घेत समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा.

तर पाय मोडून घरी बसलेल्या माणसाने करायचं काय, म्हणून मी त्यांना माझा गेम लावून दिला. अंतराळातला आहे. शेकडो ग्रह, वाटेल तिथे जा, वाटेल ते करा, कुठे चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. म्हणजे आमच्या घराच्या बरोबर उलट. सुरुवातीला तुम्ही अगदीच मामुली असता. छोटी छोटी कामं केली की एकेक पॉइंट मिळतो आणि तो एखाद्या कौशल्याला लावायचा: श्वास, उडते बूट, नेमबाजी, दुरुस्ती, अशी एकवीस आहेत. एकदा लावलेला पॉइंट परत निघत नाही. आमच्या दोघांचं जहाज मात्र एकच, आणि ते पहिल्याच ग्रहावर बिघडून उभं होतं. आमच्यापैकी कुणी एकाने दुरुस्तीला तीन पॉइंट लावले की ते सुटणार. डबल आणि वकील कधीच पुढे निघून गेल्या होत्या आणि तिसऱ्या ग्रहावर माझी वाट बघत बसल्या होत्या.

तीन पॉइंट फक्त. पप्पांकडे एकवीस होते आणि माझ्याकडे एकही नव्हता, आणि या ग्रहावरची माझ्या वाट्याची कामंही संपली होती.

माझे कुठे गेले, हेही सांगायला हवं. ते मी पहिल्याच संध्याकाळी उडवले. निम्मे उडत्या बुटांवर आणि निम्मे रुबाबावर. रुबाब नावाचं खरोखरच एक कौशल्य आहे. ते घेतलं की आपण आत शिरताच दुकानदार उठून उभे राहतात. श्वास मात्र मी घेतला नाही, कारण श्वास काय, तो तर असतोच, असं मला वाटलं. तर आता मी झोकात उडते, जरा वर गेले की दम संपतो, आणि बाजाराच्या मधोमध येऊन आपटते. दुकानदार उठून उभे राहतात.

पप्पांचं सगळंच निराळं. पायात मूळचे बूट, कमरेला मूळचं पिस्तूल, त्यात मूळच्या सहा गोळ्या. एकही झाडलेली नाही. लुटारू आले की पप्पा दगडामागे जाऊन बसतात आणि ते कंटाळून जाईपर्यंत बसून राहतात. अख्खा ग्रह त्यांनी पायी पालथा घातला आहे. कुठला दगड कुठे, हे त्यांना आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

आता यात पप्पांना एकट्याला बोलून काय उपयोग? आमच्या घरात हे मुरलेलंच आहे. काचेच्या कपाटात निळ्या काठाचे सहा कप आहेत, त्यांना पाहुण्यांचे कप म्हणतात. पाहुणे येतात. पण आले की आई म्हणते, हे काय घरचेच आहेत, आणि रोजचे कान तुटलेले कप बाहेर काढते. त्या निळ्या कपांच्या लायकीचा माणूस अजून आमच्या दारात उगवायचा आहे. सोफ्याला कव्हर आहे आणि ते मळू नये म्हणून त्यावर चादर आहे. आणि आई काम कुठे करते, तर औषधांच्या दुकानात. मुदत संपलेल्या बाटल्या हुडकून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं तिचे मालक सांगतात. घरात शिरताना ती ही विद्या बहुतेक चपलांबरोबर बाहेर काढून ठेवते.

हे सगळं मी हसत हसत सांगितलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण शुक्रवारी मला शाळेत अकरावीचे विषय सांगायचे होते.

आईपप्पांचं ठरलं होतं. गणितही ठेव आणि बायोलॉजीही ठेव. दोन्ही ठेवलं की सगळे रस्ते उघडे राहतात. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. ताईनेही दोन्ही ठेवलं होतं. मग तिने इंजिनिअरिंग केलं, कारण तो रस्ता उघडा होता. मग मॅनेजमेंट, कारण तोही होता. आता ती एकाच वेळी तीन प्रकारच्या परीक्षांना बसते. ताईची सगळी दारं उघडी आहेत आणि ती मधल्या पॅसेजमध्ये उभी आहे. वारा छान लागत असणार.

माझं म्हणाल, तर माझं मन पप्पांच्या मोडलेल्या पायात अडकलं होतं. पडल्यावर काढलेला त्यांचा एक्स-रे मी बाहेरच्या खोलीच्या खिडकीला चिकटवला, उजेड मागून यावा म्हणून. पुढच्या खेपेचा त्याच्या शेजारी लावला. पहिल्यात स्वच्छ फट दिसते. दुसऱ्यात त्या फटीत धुक्यासारखं पांढरं काहीतरी भरलेलं आहे. ते काय, म्हणून मी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. शरीर आधी मऊ कूर्चा भरतं आणि मग तिचं हळूहळू हाड करतं, असं ते म्हणाले. त्यावर मी इतके प्रश्न विचारले की शेवटी नर्सने पुढच्या पेशंटला आत आणून माझ्या शेजारीच बसवलं. गणितात मला मार्क चांगले पडतात. पण गणिताचं काही मी खिडकीला लावलेलं नाही.

तरी बोलायची छाती होत नव्हती. माझी, रुबाबवालीची. कारण लहानपणी पप्पांनी मला एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत नेलं होतं. मोठं चाक, त्यावरून खाली गेलेले जाड पोलादी दोर, ग्रीसचा वास. तिथल्या माणसाला ते म्हणाले होते की माझ्यानंतर ही येणार तपासायला. ताईबद्दल ते असं कधी म्हणाले नव्हते. गणित सोडलं की ती खोली बंद. माझ्यापुरती नव्हे, त्यांच्यापुरती.

तर मी तो लग्नाचा प्रश्न विचारला आणि नेमकी त्याच वेळी आई कामावरून आली. पर्स खुंटीला अडकवत तिने चौकशी केली, कसले पॉइंट, किती, कधीपासून पडून आहेत. चौकशीचा सूर थेट दुकानातला होता. मी सगळं सांगितलं. एवढ्यात पप्पांनी गेममध्ये कुणाचं तरी हरवलेलं खोकं शोधून दिलं आणि स्क्रीनवर पाटी आली की पिशवी भरली आहे, नवा पॉइंट ठेवायला जागा नाही. पप्पांनी सराईतपणे ती पाटी मिटवली.

"हे रोज येतं?" आईने विचारलं.

पप्पा म्हणाले, अधूनमधून.

"म्हणजे जुना माल फळी अडवून बसलाय आणि नवा दारातून परत जातोय. अहो, दुकानात मी असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला."

घरी बसलेल्या माणसाला हे बरोबर लागलं. पप्पा ताठ झाले, चष्मा मागितला आणि आजच काय तो निकाल लावतो म्हणाले.

त्यांनी एकेक कौशल्य मोठ्याने वाचून काढलं, खालच्या बारीक अक्षरांसकट. आई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मी दुरुस्तीला तीन लावा म्हणून सांगितलं, मग जरा गोड आवाजात सांगितलं, मग वकीलने शिकवलेले मुद्दे मांडून सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"लिफ्ट कधी एका दोरावर टांगलेली बघितलीस? भार वाटून द्यायचा असतो, बाळा."

आणि त्यांनी वाटून दिला. एकवीस कौशल्यं, एकवीस पॉइंट, प्रत्येकाला एक. नेमबाजीला एक, श्वासाला एक, स्वयंपाकाला एक. ज्या ग्रहावर पाण्याचा थेंब नाही तिथे मासेमारीलाही एक. शेवटचा लावून ते मागे टेकले. इतके खूश मी त्यांना पाय मोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

"झालं," ते म्हणाले. "आता सगळे रस्ते उघडे."

मग पप्पांचा गेममधला माणूस जहाजापर्यंत चालत गेला. पप्पांनी बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: दुरुस्ती, पायरी पहिली, तुम्हाला पाना ओळखता येतो. जहाज मात्र पप्पांना ओळखायला तयार नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पाना ओळखता आला.

"गेले, गेले," डबल म्हणाली.

ताई पाणी प्यायला बाहेर आली होती. ग्लास हातात धरून ती सोफ्यामागे थांबली. स्क्रीनवरची ती लांबलचक रांग तिने वरपासून खालपर्यंत वाचली, एक, एक, एक, एक.

"हा तर माझा बायोडेटा आहे," ती म्हणाली.

आई हसायला लागली होती, ती ताईचा चेहरा बघून थांबली. पप्पांनी कंट्रोलर उशीवर ठेवला. ताईने पाणी संपवलं, ग्लास विसळला, खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्या घरातलं बंद झालेलं ते पहिलंच दार असावं.

मी हेडफोन काढला. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, काचेचं कपाट उघडलं आणि निळ्या काठाचे चार कप बाहेर काढले. तळाला दुकानाची किंमत अजून चिकटलेली होती. एक ताईच्या खोलीत दिला. तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुणी मेलंय का म्हणून विचारलं. बाकीचे तीन मी बाहेर आणले.

"कोण येतंय?" आई अर्धवट उठली.

कुणी नाही, मी म्हटलं. ती बसली, पण कप तिने असा धरला की जणू तो परत करायचा आहे. पप्पांनी आपल्या कपाच्या कानाला आधी हलवून बघितलं, मजबूत आहे की नाही ते, सवयीने. मग घोट घेतला. माझ्यामागे खिडकीत दोन्ही एक्स-रे होते आणि पप्पांची नजर तिकडे गेली, निदान मला तसं वाटलं.

उडी मारायची होतीच. या खेपेला मी आधी श्वास घेतला, चांगला पोट भरून.

"शुक्रवारी मी फक्त बायोलॉजी सांगणार आहे," मी म्हटलं. "गणित सोडतेय. मार्क चांगले पडतात, माहीत आहे मला, तरीही सोडतेय. आणि पप्पा, तुमच्या मशीनच्या खोलीत मी येईन, म्हणाल तेव्हा येईन. पण बघायला."